तेल, सूत आणि देऊळ : प्रस्तावना

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. लेणे भिक्षुसंघाला दिल्यावर तिथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ही रक्कम त्याने विहाराच्या हाती दिली नाही आणि राजाच्या कोठारातही ठेवली नाही. जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती सोपवली. एकीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत मागायचे नाही, वापरायचे ते फक्त व्याज. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि लेख सांगतो की वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा मिळावेत. वीस बारा दोनशेचाळीस. हिशेब चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि दप्तरी नोंदवला गेला, हेही लेखात आहे.

उषवदाताच्या सासऱ्याचे राज्य होते. त्याच्याजवळ गावे होती, नारळाच्या बागा होत्या, सैन्य होते. तरीही भिक्षूंच्या वस्त्रांचा प्रश्न कायमचा सोडवायचा झाला तेव्हा त्याने मागावर बसणाऱ्या माणसांच्या संघावर विश्वास टाकला. पुढे लवकरच गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी दोन-तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला दिसतो. सिंहासने बदलतात हे त्या काळच्या दात्यांना पक्के ठाऊक होते. ज्यांचा धंदा राजवट बदलली तरी चालू राहतो अशा लोकांच्या हाती धर्मकार्याचे मुद्दल द्यावे, हा त्यांचा निर्णय होता. हा संग्रह त्या निर्णयाभोवती उभा आहे. तेली, कोष्टी, माळी, कासार, धान्याचे व्यापारी, मीठविके यांच्या संघांनी देवळे, विहार आणि बसदी म्हणजे जैन मंदिरे कशी सांभाळली, आणि त्या सांभाळण्यातून त्यांना स्वतःला काय मिळाले, हे इथल्या लेखांत वाचायला मिळेल.

नव्या वाचकासाठी काही गोष्टी आधी स्पष्ट करायला हव्यात. एका व्यवसायातल्या लोकांनी एकत्र येऊन आपले नियम, आपला प्रमुख आणि आपला निधी ठेवला की ती श्रेणी. प्रमुखाला कुठे जेट्ठक म्हटले आहे, कुठे प्रमुख, कुठे महत्तक. जातककथांत अठरा श्रेणींचा उल्लेख वारंवार येतो. गौतम धर्मसूत्र सांगते की शेतकरी, व्यापारी, गुराखी, सावकार आणि कारागीर यांना आपापल्या वर्गाचे नियम करण्याचा अधिकार आहे. पुढच्या स्मृती या अधिकाराला कायद्याची बळकटी देतात. याज्ञवल्क्याने समूहाचे द्रव्य लुबाडणाऱ्याला किंवा समूहाचा करार मोडणाऱ्याला सर्वस्व हिरावून हद्दपार करण्याची शिक्षा सांगितली आहे. आपल्या विषयासाठी सर्वांत मोलाचे वचन बृहस्पतीचे. समूहाने लेखी करार करून कोणती कामे उचलावीत याची त्याने यादी दिली आहे. तीत सभागृह, पाणपोई, देऊळ, तळे, बाग यांची दुरुस्ती आहे आणि अनाथ-गरिबांचे संस्कारही आहेत. म्हणजे देऊळ सांभाळणे ही श्रेणीची मर्जी नव्हती. सर्वांनी मान्य केलेल्या कराराचा तो भाग होऊ शकत होता, आणि तो पाळला नाही तर दंड होता.

व्याजाचा दर हाही लक्ष देण्यासारखा मुद्दा आहे. स्मृतींनी तारणावरच्या कर्जाला दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, हा न्याय्य दर मानला. गोवर्धनच्या विणकरांनी एक आणि पाऊण टक्का दिला. दात्याने कमी व्याज पत्करले, कारण त्याला हवी होती शाश्वती. विणकरांना सूत घ्यायला आणि माग चालवायला हाताशी भांडवल मिळाले, तेही कधी परत न करायचे. दोन्ही बाजूंची गरज भागवणारा हा व्यवहार इतका शहाणपणाचा होता की पुढे कित्येक शतके तो वेगवेगळ्या धर्मांत, वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा दिसत राहतो. नाशिकलाच आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी अशीच ठेव ठेवली. ती सांभाळणाऱ्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेलीही होते. जुन्नरला धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने स्वतःच सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान केली, तर बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे दुसऱ्यांनी ठेवी ठेवल्या. मथुरेला हुविष्काच्या राज्यात, वर्ष २८ मध्ये, पीठ करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ५५० पुराण नाणी ठेवली गेली. त्यांच्या व्याजातून दर महिन्याला शंभर ब्राह्मणांना जेवण घालायचे होते, आणि दारात आलेल्या भुकेल्या-तहानलेल्या अनाथांसाठी रोज सातू, मीठ आणि हिरवी भाजी ठेवायची होती.

विहार आणि देऊळ यांची मी इथे सरमिसळ करतो आहे, असे कोणाला वाटेल. तो भेद खरा आहे आणि महत्त्वाचाही. विहाराला वस्त्रे, औषधे आणि निवारा लागतो, कारण तिथे माणसे राहतात. देवळात देव राहतो, त्याला दिवा, फुले, नैवेद्य आणि वेळोवेळी चुना-दगड लागतो. गुप्तकाळात मूर्तीची देवळे वाढली तेव्हा त्यांच्यासाठी नवी व्यवस्था शोधावी लागली नाही. लेण्यांच्या काळात रुळलेली अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याजावर चालवायची ठेव, तशीच उचलली गेली. बदल झाला तो देण्याच्या रूपात. पैशाच्या व्याजाऐवजी आता माल येऊ लागला.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे स्कंदगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत १४६ म्हणजे इ.स. ४६५चा इंदूर ताम्रपट. मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. हे होळकरांचे इंदूर नव्हे, उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातले त्याच नावाचे जुने गाव आहे. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने तिथल्या सूर्यदेवळाच्या दिव्यासाठी ठेव ठेवली ती तेल्यांच्या श्रेणीकडे. जीवंत हा तिचा प्रमुख होता. श्रेणीने रोज दोन पळे तेल द्यायचे. ताम्रपटात पुढे एक अट आहे, आणि सगळ्या संग्रहात मला सर्वांत जवळचे वाटणारे कलम तेच आहे. श्रेणी हे गाव सोडून दुसरीकडे गेली तरी, ती एकसंध आहे तोवर, तेल देणे तिच्यावर बंधनकारक राहील. दात्याला ठाऊक होते की कारागीर हलतात. त्याने त्यांना जखडून ठेवले नाही. दिव्याचे नाते जागेशी न बांधता त्यांच्या एकीशी बांधले.

कारागीर हलतात याचा सर्वांत मोठा पुरावा मंदसोरला आहे. शिवना नदीच्या महादेव घाटावर पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीत बसवलेल्या शिळेवर वत्सभट्टी नावाच्या कवीने रचलेली चव्वेचाळीस श्लोकांची प्रशस्ती आहे. जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तलेखांच्या संग्रहात ती प्रसिद्ध केल्यापासून भारताच्या सामाजिक इतिहासावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तिच्याकडे यावेच लागले. रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, दशपुराला, म्हणजे आजच्या मंदसोरला, आली. तिने इ.स. ४३६ मध्ये सूर्याचे देऊळ बांधले. पुढे दुसऱ्या राजांच्या काळात देवळाचा काही भाग पडला आणि इ.स. ४७३ मध्ये त्याच श्रेणीने तो दुरुस्त केला. या सदतीस वर्षांत बरेच काही झाले. प्रशस्ती सांगते की विणकरांपैकी काहींनी धनुर्विद्या घेतली, काही कथा सांगू लागले, काही ज्योतिषी झाले, काही लढवय्ये झाले, काही आपल्या धंद्यातच राहिले. आणि तरीही देवळाची भिंत पडली तेव्हा ते श्रेणी म्हणूनच एकत्र आले. व्यवसाय सैल झाल्यावरही ज्या गोष्टीने त्यांना बांधून ठेवले ती म्हणजे हे देऊळ. या लेखाला केवळ धार्मिक दानाचा कागद म्हणून वाचणारे अभ्यासक त्यातला गाभा गमावतात, असे माझे स्पष्ट मत आहे. परमुलखात आलेल्या लोकांनी आपण कोण आहोत हे गावाला सांगण्यासाठी देऊळ उभारले आणि संस्कृतातल्या उत्तम कवीकडून आपले कौतुक लिहून घेतले. त्यात त्यांनी आपल्या रेशमाचीही वाखाणणी करवून घेतली. राजांनी जे केले तेच विणकरांनी केले.

नवव्या-दहाव्या शतकांत चित्र आणखी गजबजते. ग्वाल्हेरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे चतुर्भुज मंदिर गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, कारण विक्रम संवत ९३३च्या, म्हणजे इ.स. ८७६च्या तिथल्या लेखात शून्याचा आकडा आहे. शून्य पाहायला येणारे फारसे विचारत नाहीत की ते कशाच्या मोजणीत आले. ते फुलबागेच्या जमिनीची २७० हात लांबी सांगताना आले, आणि माळ्यांच्या प्रमुखांनी देवाला रोज द्यायच्या ५० माळा सांगताना आले. त्याच ठिकाणच्या लेखांत तेल्यांच्या प्रमुखांनी दर महिन्याच्या शुद्ध नवमीला प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल देण्याचे कबूल केले आहे. शून्याच्या या जुन्या खुणेचे श्रेय गणितज्ञांना देताना माळ्यांनाही द्यायला हरकत नसावी. हरियाणातल्या पेहोव्याला घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी प्रत्येक विक्रीवर देवळांसाठी वाटा ठरवून घेतला. ललितपूरजवळच्या सियडोणीच्या लांबलचक लेखात मीठव्यापारी नागक कलालांकडे १,३५० द्रम्म ठेवतो आणि ते दारूच्या प्रत्येक पिंपामागे दरमहा अर्धा द्रम्म विष्णूच्या देवळाला देतात. मद्य विकणाऱ्याचा पैसा देवाला चालत होता. त्यात कोणाला काही वावगे वाटल्याचे लेखात कुठेही दिसत नाही.

दक्षिणेत व्याप्ती वेगळीच आहे. ऐहोळेच्या पाचशे स्वामींचा व्यापारीसंघ, म्हणजे अय्यावोळे, स्थानिक श्रेणीपेक्षा कितीतरी मोठा होता. त्याच्या शाखा गावोगावच्या पेठांत होत्या आणि आपल्या धर्माला ते वीरबणंज धर्म म्हणत. सुमात्राच्या बारूस बंदरात या पाचशेंचा १०८८चा तमिळ लेख सापडला आहे, आणि बर्मातल्या पगानला नानादेशी व्यापाऱ्यांच्या नावाचे विष्णुमंदिर होते. कांचीत उत्तम चोळाच्या ताम्रपटात विणकरांकडे नुसती ठेव नाही, देवळाचा हिशेब आणि कारभारच सोपवलेला दिसतो. महाराष्ट्राच्या वाचकाला कोल्हापूर जवळचे. शके १०५८ मध्ये, शिलाहार गंडरादित्याच्या काळात, सामंत निंबदेवरसाने बांधलेल्या जैन मंदिरासाठी वीरबणंजांनी बाजारातल्या मालावर देणगी लावून घेतली. तो लेख कन्नडमध्ये आहे, आणि त्या काळच्या कोल्हापूरच्या पेठेत हीच भाषा चालत होती हे मराठी माणसाने मोकळ्या मनाने लक्षात ठेवावे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शके ११२८च्या लेखाचा शेवटचा भाग मात्र मराठीत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला विक्रीवरचा वाटा आणि घाण्यामागे तेल कसे मिळावे, हे त्यात आपल्याच जुन्या भाषेत कोरले आहे. पंढरपूरच्या ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखातली दात्यांची नामावळी याच धाग्याचे पुढचे टोक मानता येईल. तिथे व्यवसायाचा संघ मागे पडून भक्तांचा समुदाय पुढे येतो.

या सगळ्याचा अभ्यास कसा वाढला ते थोडक्यात सांगतो. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, सेनार यांनी लेण्यांतले लेख वाचून दिले, त्यांच्यावाचून पुढचे काहीच झाले नसते. पहिल्या पिढीने श्रेणींची तुलना मध्ययुगीन युरोपातल्या कारागीरसंघांशी केली. ती थोडीफार उपयोगी ठरली, पण तिने दिशाभूलही बरीच केली. १९१८ साली रमेशचंद्र मजुमदारांचा आणि पुढच्याच वर्षी राधाकुमुद मुखर्जींचा ग्रंथ आला. स्वराज्याची मागणी जोरात असताना भारतीय समाज स्वतःचा कारभार स्वतः करत होता हे दाखवणे त्यांना निकडीचे वाटले. त्या ओढीने त्यांनी श्रेणीला काहीसे लोकशाहीचे रूप दिले, पण पुरावे इतक्या मेहनतीने गोळा केले की आजही त्यांच्याकडे वळावे लागते. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहून सह्याद्रीचे घाट पायी पालथे घालणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी प्रश्नच बदलला. विहार व्यापारी वाटांवरच का, तिथला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यांनी विचारले. रामशरण शर्मांनी गुप्तोत्तर काळात नाणी आणि शहरे ओसरली, व्यापारी देवळांच्या जहागिरीत अडकले, असे मांडले. सियडोणी आणि पेहोवा त्यांच्या दृष्टीने ऱ्हासाची लक्षणे होती. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय आणि रणवीर चक्रवर्ती यांनी त्याच लेखांत बाजारपेठांची वाढ पाहिली. मला दुसरे वाचन अधिक पटते. ज्या पेठेत कलालाकडे १,३५० द्रम्म ठेवता येतात आणि पिंपामागे पैसा मोजला जातो ती पेठ मरणपंथाला लागलेली नसते. बर्टन स्टाइन यांनी तिरुपतीच्या अभ्यासातून देऊळ हेच आर्थिक केंद्र म्हणून दाखवले, आणि हिमांशु प्रभा राय यांनी सातवाहनकाळातला विहार व श्रेणी यांचा संबंध सविस्तर तपासला. मराठीत या विषयाचा पाया वासुदेव विष्णू मिराशी यांच्या सातवाहन, क्षत्रप आणि शिलाहार लेखांच्या संपादनांनी आणि शं. गो. तुळपुळे यांच्या प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या संग्रहाने घातला. दुर्दैवाने त्यावर इमारत फारशी उभी राहिली नाही.

कौतुक करताना मर्यादाही सांगायला हव्यात. शिळेवर प्रमुखांची नावे येतात, घाणा ओढणाऱ्याची येत नाहीत. श्रेणीतल्या सर्वांचा वाटा सारखा होता असे मानायला आधार नाही. ज्यांचा माल देवाला चालतो त्या प्रत्येकाला गाभाऱ्याजवळ जाता येत होते असेही नाही. व्यवसायाच्या संघाचे जातीत घट्ट होत जाणे हा या कहाणीचा दुसरा, कठोर भाग आहे आणि तो लपवून देवळांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आजच्या एखाद्या समाजाने जुन्या लेखातल्या श्रेणीशी थेट वंशाचे नाते जोडावे हेही मला मान्य नाही. त्यांच्यामध्ये हजार-दीड हजार वर्षांची स्थलांतरे आहेत, धंदे बदलणे आहे. मंदसोरचे विणकर सदतीस वर्षांतच किती बदलले ते आपण पाहिले.

मग हा विषय आत्ताच का? एक तर, देवळे राजांनी बांधली आणि राजांनीच पाडली, एवढ्या दोन वाक्यांत आपण अलीकडे देवळांचा इतिहास संपवू लागलो आहोत. रोज दोन पळे तेल घालणारा त्या इतिहासात मावत नाही. दुसरे, देवस्थानांचे विश्वस्त, त्यांच्या ठेवी, व्याजाचा विनियोग यांवर आपल्याकडे सतत वाद चालतात, पण सार्वजनिक पैसा कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर द्यावा याचा इथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी केलेला बारकाईचा विचार त्या वादांत कोणी आणत नाही. तिसरे कारण सर्वांत तातडीचे आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात गावोगावच्या देवळांतले शिलालेख ऑइलपेंटखाली जात आहेत, पायऱ्यांना बसवलेल्या शिळा फरशीखाली गाडल्या जात आहेत. ज्या दगडावर तेल्याचे नाव आहे तो दगड तेल्याच्याच गावात नाहीसा होतो, ही गोष्ट सहन करण्यासारखी नाही.

या संग्रहाने एक मर्यादित काम हाती घेतले आहे. लेखकांनी प्रत्येक लेख आधी पूर्ण वाचकापुढे ठेवला आहे, सोप्या मराठी अर्थासह, आणि मगच त्यावर भाष्य केले आहे. त्यामुळे असहमत होण्याची सोय वाचकाला मिळते. रचना राजवंशांनुसार नाही. ती देवाला पोचणाऱ्या वस्तूंनुसार आहे: तेल, फुले, वस्त्र, धान्य, मीठ, आणि शेवटी नाणे. सुरुवातीला मला ही मांडणी विस्कळीत वाटली होती. पण तेलाचे प्रकरण सलग वाचताना बुलंदशहरचा घाणा, ग्वाल्हेरचा घाणा आणि पाटणचा घाणा एका ओळीत येतात, आणि सातशे-साडेसातशे वर्षांत देण्याची पद्धत कुठे टिकली आणि कुठे बदलली ते डोळ्यांसमोर उलगडते. राजवंशांच्या क्रमाने हे दिसले नसते. तमिळ आणि कन्नड लेखांवरची प्रकरणे मुद्दाम मोठी ठेवली आहेत, कारण त्यांबद्दल मराठीत सर्वांत कमी लिहिले गेले आहे. लेण्यांचा भाग त्या मानाने आटोपशीर आहे, त्यासाठी मिराशींचे ग्रंथ आहेतच.

संग्रह यादवकाळाशी थांबतो. त्यानंतरच्या पेठा, बलुते, वतने आणि इनामे यांची कागदपत्रे मोडीत आहेत आणि त्यांचा अभ्यास करण्याची रीत निराळी आहे. शिलालेख वाचणाऱ्याने त्या दप्तरात घाईने हात घालू नये, हा लेखकांचा संयम मला योग्य वाटतो. मात्र पाटणच्या लेखातला घाण्याचा वाटा आणि पुढच्या देवस्थानांच्या इनामपत्रांतली दिवाबत्तीची तरतूद यांच्यामध्ये नेमके काय झाले, हे मोडी वाचणाऱ्या तरुण अभ्यासकांनी शोधावे. त्यासाठी लागणारे मूळ पाठ आणि मापांची कोष्टके त्यांना पुढच्या पानांत मिळतील.